पुस्तकांची सावड

पुस्तकांना एरंडेल चोळणारी पोर अशी माझी कीर्ती जुन्या जालन्यात दोन-तीन वर्षं तरी टिकून होती. ती आठवणारं आता माझ्याशिवाय कोणी उरलं नाही, म्हणून मीच लिहून ठेवते. दुसऱ्या कोणी लिहिली असती तर तिखट-मीठ लावलं असतं. मी लावणार नाही असं नाही, पण माझं तिखट घरी कुटलेलं असेल.

निजामाचं राज्य होतं. आमच्या पिंपळगाव रेणुकाईला शाळा चौथीपर्यंत होती आणि तिथं मुलगी म्हणावी तर मी एकटीच. चौथी झाल्यावर आई म्हणाली, आता हिच्या हाती खुरपं द्या. बापू म्हणाले, खुरपं तिला येतंच, जे येत नाही ते शिकू दे. बापू बोलायचे कमी, पण एकदा बोलले की बैलजोडी लावून ओढलं तरी मागं यायचे नाहीत. त्यांनी मला गाडीत बसवलं, शेजारी ज्वारीचं पोतं आणि तुरीच्या डाळीचं गाठोडं ठेवलं, आणि जालन्याला मस्तगडात मावशीच्या दारात उतरवून दिलं. मावशीला मूलबाळ नव्हतं. ती मला हौसेनं ठेवून घेईल असं सगळ्यांना वाटत होतं, तिला स्वतःला तसं वाटत नसावं, कारण पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "शाळेचं मला काई सांगू नको. भाकर थापता येती का, ते सांग." येत होती. मग आमचं जमलं.

मावशीच्या घरात वर दोन खोल्या आणि खाली काकांचं दोराचं दुकान. कासरे, नाडे, चऱ्हाटं, बैलांच्या मुसक्या असा सगळा माल, त्यामुळं आमच्या अंथरुणालासुद्धा अंबाडीच्या वाखाचा वास यायचा. पहाटेची अजान झाली की मावशीचं जातं सुरू व्हायचं, जातं थांबलं की शेजारच्या पिंजाऱ्याची कापूस पिंजायची तात टंग-टंग करायला लागायची, आणि ऊन वर आलं की धान्याच्या दुकानांतून मापाऱ्याचा लांब सूर ऐकू यायचा: "लाभ... दोन... तीन..." पहिल्या मापाला तो एक म्हणायचा नाही, लाभ म्हणायचा. मावशी तापट, पण तिच्या हाताला चव होती. येसराची आमटी ती अशी करायची की तिचा वास जिन्याखाली काकांच्या गिऱ्हाइकापर्यंत जायचा आणि गिऱ्हाईक घासाघीस विसरायचं. मला शाळेत न्यायला धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी असायची. आज माझे दात धपाटी चावायच्या लायकीचे राहिले नाहीत, तरी सून धपाटी करते तेव्हा मी एक मागून घेते आणि ताकात बुडवून खाते.

आमची मुलींची शाळा दोन मजबूत भिंतींची आणि दोन मोडक्या भिंतींची होती. बडी उस्तानीजी म्हणजे हेडमास्तरीण खास हैदराबादहून आलेल्या, उंच, गोऱ्या, आणि शिस्तीच्या इतक्या की शाळेच्या चिंचेवर कावळासुद्धा दबून बसायचा. मराठीच्या एकट्या मनोरमाबाई. त्यांच्याकडे एका वेळी दोन वर्ग. त्यात उर्दूच्या एक उस्तानीजी बाळंतपणाला माहेरी गेल्या आणि त्यांचा वर्गही उघडा पडला. तेव्हा मनोरमाबाईंनी युक्ती काढली. आमचा पाचवीचा वर्ग आणि तो उर्दूचा वर्ग, अशा मिळून वीस-बावीस मुली त्यांनी कुतुबखान्यात, म्हणजे आमच्या लायब्ररीत, नेऊन बसवल्या. खोलीत दोन अलमाऱ्या, एक उर्दू पुस्तकांची, एक मराठीची. खाली एक दरी, म्हणजे सतरंजी. त्या अलमाऱ्या आमच्या देखत तोवर कधी उघडल्या नव्हत्या. काचेतून पुस्तकांच्या पाठी तेवढ्या दिसायच्या. बाईंनी किल्ली माझ्या हातात दिली, कारण मी दाराजवळ उभी होते, दुसरं काही कारण नव्हतं. म्हणाल्या, "रोज हा एक तास तुमचा. मला पलीकडच्या वर्गावर जायचंय. काय वाचायचं, कसं वाचायचं, तुमचं तुम्ही बघा. फक्त आवाज बाहेर आला नाही पाहिजे." आणि गेल्या. मी किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली आणि मंगळसूत्र मिरवावं तशी मिरवायला लागले.

पहिले काही दिवस आम्ही नुसत्या भांडलो. चित्रांचं पुस्तक एकच होतं, ते दोघींनी दोन बाजूंनी ओढलं आणि त्यातला हत्ती मधोमध फाटला. मग सगळ्या हिरमुसून आपापल्या कोपऱ्यात बसलो. माझ्याजवळ जमीला नावाची मुलगी बसायची. तिचे वडील शिंपी होते. ती मधमाश्यांवरचं एक उर्दू पुस्तक वाचत होती आणि मधेच एकटीच हसत होती. मला उर्दू शिकवत होते, पण अलिफ-बेच्या पुढं माझं गाडं गेलेलं नव्हतं. बोलायला आम्हाला कधीच अडलं नाही. तिला मराठी कळायची, मला तिची बोली. अडायचं ते अक्षरापाशी. मी म्हटलं, "काय हसून राह्यली? सांग की मला." ती म्हणाली, "फुकट काय को सांगू? तू क्या सांगती बोल."

तिचं हे बोलणं ऐकलं आणि मला आमचं रान आठवलं. आमच्याकडं खुरपणीच्या दिवसांत सावड असते. आज चार घरच्या बाया आमच्या रानात, उद्या आम्ही त्यांच्या. रोजंदारी नाही, उपकार नाही. तुझ्या रानात मी वाकले, आता माझ्या रानात तू वाक. मी जमीलाला म्हटलं, आपण सावड करू. तू तुझ्या अलमारीतलं वाचून मला सांग, मी माझ्यातलं तुला सांगते. ती म्हणाली, "हौ, चलेगा." मी तिला आगबोटीत बसून देश फिरून आलेल्या एका गृहस्थाचा प्रवास सांगितला, तिनं मला मधमाश्यांची राणी सांगितली. आठ दिवसांत खोलीभर जोड्या बसल्या. कोणी ताऱ्यांचं पुस्तक घेतलं, कोणी घरगुती औषधांचं, कोणी राजेरजवाड्यांचं. डबे खाताना आम्ही वेगवेगळ्या ओळींत बसायचो, एकमेकींच्या पाण्याला हात लावायचो नाही. पण गोष्टीला विटाळ नव्हता, ती इकडून तिकडं जायची. सांगणारीनं अर्धवट वाचलेलं असलं की ऐकणारी तिला पकडायची, मग ती चिडून पुन्हा वाचायची. माझ्या नातीच्या शाळेत आता लायब्ररीचा तास असतो. तिथं बोलायची मनाई आहे. मी विचारलं, मग करता काय गं तासभर? म्हणाली, पुस्तक धरून बसतो. मला तिची कीव आली.

आमच्या सावडीत एक अडचण होती, ती कौसाची. कौसा धनगराची. तिच्या वडलांनी मेंढरं भावाकडं सोपवली होती आणि ते अडतीवर हमालीला लागले होते. गावाबाहेर तट्ट्याच्या झोपडीत ते राहायचे. कौसा शाळेत उशिरा आली, त्यामुळं वाचायला फार मंद. एक पान वाचेपर्यंत तास संपायचा. ती सगळ्यांचं ऐकायची, पण परत सांगायला तिच्याजवळ काही नसायचं. पोरी कुरकुरायला लागल्या. एक जण तोंडावर म्हणाली, "ही नुस्ती ऐकती. हिची सावड कोन फेडनार?" कौसा उठून दाराजवळ जाऊन बसली. मला तिचं वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर कुरकुरणाऱ्यांत थोडी मीही होते, म्हणून जास्तच वाईट वाटलं. पण सावडीचा सगळा कायदा मला माहीत होता. ज्या घरी म्हातारी असते, तिला वाकवत नाही. ती बांधावर बसून सगळ्या बायांची लेकरं सांभाळते, आणि तिचीही सावड धरतात. मी म्हटलं, कौसाला वाकायला लावू नका, तिला बांधावर बसवा. तिनं ऐकलेलं सांभाळायचं. मागच्या आठवड्यात कोणी काय सांगितलं ते तिनं पुन्हा सांगायचं.

तिनं सांगायला सुरुवात केली आणि पोरी सरकत सरकत तिच्याभोवती जमा झाल्या. एक शब्द इकडचा तिकडं नाही. बोटीवर कोणत्या बंदराला लिंबं घेतली, मधमाशी पोळ्यावर परत आल्यावर कशी नाचते, सगळं तिला मुखोद्गत. मी विचारलं, कसं गं लक्षात राहतं? ती म्हणाली, "दीडशे मेंढरं हायती चुलत्याकडं. समदी सारखीच दिसत्यात, पर मी तोंडावरनं वळखते. ह्ये तर सोपं हाय."

एक दिवस बडी उस्तानीजी दारात येऊन उभ्या राहिल्या. शिक्षण खात्यातून दोन शिवणाच्या मशिनी आल्या होत्या आणि त्या व्हरांड्यात चादरीखाली पडून होत्या. त्यांना खोली हवी होती. त्या मनोरमाबाईंना म्हणाल्या की पुढच्या महिन्यात मुआयना, म्हणजे शाळेची तपासणी आहे, खात्याच्या मोठ्या बेगमसाहेबा येतील. या पोरी इथं बसून काही शिकतात असं त्यांना दिसलं तर कुतुबखाना राहील, नाहीतर अलमाऱ्या दफ्तरात, म्हणजे ऑफिसात, आणि मशिनी इथं. बोलणं रास्त होतं, म्हणूनच आम्हाला जास्त धडकी भरली. त्या रात्रीपासून मी भाकरी थापतानासुद्धा देवीला नवस बोलत होते.

आम्ही ठरवलं की मुआयन्याला अलमाऱ्या लखलखीत दिसल्या पाहिजेत. पुस्तकं काढली तर कित्येकांत कसर. चंदेरी किडे सुळकन पळायचे आणि पानांना चाळणीसारखी भोकं. आता किडीचं मला कोणी शिकवायची गरज नव्हती. माझ्या आईनं उभ्या जन्मात तुरीच्या डाळीला किडा लागू दिला नाही. एरंडेल चोळायचं, उन्हात द्यायचं, कणगीत भरायचं. मी सगळ्यांना ठासून सांगितलं, डाळीला चालतं ते पुस्तकाला का चालणार नाही? शुक्रवारी शाळेला सुट्टी असायची, म्हणून गुरुवारी तासाला मी मावशीच्या फडताळातली एरंडेलाची बाटली परकराच्या ओच्यात घालून आणली आणि आम्ही वीस जणींनी हातावर तेल घेऊन, एकेक पुस्तक मांडीवर घेऊन, मनापासून चोळलं. कव्हर, पाठ, कडा, काही सोडलं नाही. मग अलमाऱ्या बंद केल्या आणि समाधानानं घरी गेलो.

शनिवारी अलमारी उघडली तेव्हा जो वास आला तो मी अजून विसरलेले नाही. तेल कव्हरातून आत उतरलं होतं. पानं पारदर्शक झाली होती, ह्या पानावरची अक्षरं त्या पानावर दिसत होती, आणि पुस्तकं एकमेकांना अशी चिकटली होती की एक ओढलं की तीन यायची. आमचा ओरडा बाहेर गेला आणि बडी उस्तानीजी आल्या. त्यांनी एक पुस्तक दोन बोटांत धरलं. "ये क्या करे तुम लोगां? किताबां हैं कि पराठे?" त्यांनी माझ्या गळ्यातली किल्ली मागून घेतली आणि स्वतःच्या बटव्यात टाकली. मनोरमाबाई एवढंच म्हणाल्या, "विचारायचं तरी होतं, सरू." मी रडत रडत म्हटलं, "तुम्हीच म्हनल्या होत्या, तुमचं तुम्ही बघा." बाईंना हसू आलं असावं, कारण त्यांनी तोंड फिरवलं.

घरी मावशीनं आधी बाटली रिकामी केली म्हणून बोलून घेतलं आणि मग सगळं ऐकून म्हणाली, "अगं येडे, डाळ साठवून ठेवायची असती म्हनून तेल लावत्यात. पुस्तक काय साठवायचं हाय? रोज हात फिरला तर किडा कशाला बसंल?" शाळेचं काही सांगू नको म्हणणाऱ्या माझ्या मावशीचं हे वाक्य मी पुढं शिक्षिका झाल्यावर कितीतरी सभांमध्ये माझं म्हणून खपवलं आहे.

मुआयन्याला दहा दिवस उरले होते. आम्ही रोज त्याच खोलीत, कुलूपबंद अलमाऱ्यांसमोर बसायचो. जमीला माझ्याशी बोलत नव्हती. तिचं नवं पुस्तक अर्ध्यावर राहिलं होतं. बाकीच्या माझ्याकडं बघून उसासे टाकायच्या. मी तर जीव द्यावा की पिंपळगावला परत जावं, या विचारात. दुसऱ्या दिवशी कौसा दरीच्या मधोमध येऊन बसली. "तोंडं पाडून काय बसल्या? पुस्तकं कोंडली, ऐकलेलं थोडंच कोंडलं. बसा हिकडं. पयल्यापासनं सांगते." आणि तिनं पहिल्या पुस्तकापासून धरलं. कुठं अडखळली की ज्या मुलीनं ते वाचलं होतं ती पुढं व्हायची. मग कौसा म्हणाली की आता ज्यांनी ऐकलं त्यांनी सांगायचं आणि ज्यांनी वाचलं त्यांनी चुका काढायच्या. तिसऱ्या दिवशी जमीला माझ्या बाजूला सरकली आणि पुटपुटली, "बोटवाले साब बाद में कहाँ गए, फिर से बोल." दहा दिवसांत आम्ही दोन्ही अलमाऱ्या बाहेर काढून पुन्हा भरल्या, कुलूप न उघडता.

मोठ्या बेगमसाहेबा पडद्याच्या टांग्यातून आल्या. ठेंगण्या, चष्मा लावलेल्या, हळू बोलणाऱ्या. सगळे वर्ग पाहून त्या कुतुबखान्यात आल्या आणि म्हणाल्या, अलमारी खोला. बडी उस्तानीजींचा हात बटव्याशी घुटमळला, पण करणार काय? दार उघडताच एरंडेलाचा भपकारा आला. बेगमसाहेबांनी एक पुस्तक घेतलं आणि आपल्या बोटांकडं बघत राहिल्या. मी उभी राहिले आणि म्हटलं, "मी केलं. बाईंनी न्हाई, कोनीच न्हाई. कसर लागू नये म्हनून. आमच्याकडं डाळीला लावत्यात." मनोरमाबाईंनी ते उर्दूत सांगितलं. बेगमसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "ये किताबें पढी भी हैं, या सिर्फ मालिश की है?"

माझ्या आधी कौसा बोलली. ती दरीवरूनच म्हणाली, "इचारा की." त्यांच्या हातात होतं ते जमीलाचं मधमाश्यांचं पुस्तक. त्यांनी ते कौसासमोर धरलं. कौसानं त्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पोळ्यातल्या घरांचे सहा कोन, कामकरी माश्या, आयतं खाणारे नर, राणीचा खुराक, सगळं तिनं आपल्या धनगरी मराठीत असं सांगितलं की मनोरमाबाईंना उर्दू करताना धाप लागली. बेगमसाहेबा तेलकट पानांवर बोट ठेवून पडताळत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, तुला उर्दू वाचता येतं? कौसा म्हणाली, "बिलकुल न्हाई. मराठी बी जेमतेम." मग त्यांनी मराठी अलमारीतलं एक पुस्तक काढलं, आणि जमीलानं, जिला मराठी अक्षर ओळखता येत नव्हतं, आगबोटीचा सगळा प्रवास बंदरांच्या नावांसकट उर्दूत सांगितला. मग तिसरं पुस्तक, चौथं. ज्या मुलीकडं बोट करतील ती सांगत होती. हे तुम्हाला कोणी शिकवलं, असं विचारल्यावर आम्ही एकमेकींकडं पाहिलं. शिकवलं कोणीच नव्हतं. मी सावड समजावून सांगितली, खुरपणीपासून, बांधावरच्या म्हातारीसकट.

बेगमसाहेबा उठायला लागल्या तशी कौसा म्हणाली, "तुमी इतकं ऐकलं. तुमची सावड राह्यली की." बडी उस्तानीजींचा चेहरा पांढरा पडला. मनोरमाबाई हे उर्दूत सांगावं की न सांगावं या पेचात. पण बेगमसाहेबांना ते मराठीतच कळलं होतं. त्यांनी चपला काढल्या, दरीवर मांडी घातली, आणि लहानपणी वाचलेल्या एका पुस्तकातली, वाळवंटात विहीर खणणाऱ्या दोन बहिणींची गोष्ट सुरू केली. घंटा झाली, शाळा सुटली, बाहेर टांग्याचं घोडं खूर आपटायला लागलं, तरी विहिरीला पाणी लागेपर्यंत कोणी उठलं नाही. जाताना त्यांनी मुआयन्याच्या वहीत उभ्या उभ्या चार ओळी लिहिल्या. कुतुबखाना याच मुलींच्या ताब्यात राहील, रोजचा तास कायम, नवी पुस्तकं खात्याकडून येतील, आणि मशिनींसाठी दुसरी खोली शोधावी. मनोरमाबाईंनी ते मोठ्यानं वाचलं तेव्हा आम्ही जे ओरडलो, ते आवाज बाहेर न जाऊ देण्याच्या अटीत बसणारं नव्हतं. आम्ही जिंकलो होतो. मी पुढं बऱ्याच गोष्टी मिळवल्या, नोकरी मिळवली, घर बांधलं, पण त्या दुपारी वाटलं तसं पुन्हा काही वाटलं नाही.

टांगा गेल्यावर बडी उस्तानीजी खोलीत आल्या आणि त्यांनी बटव्यातून किल्ली काढली. मी पुढं झाले. गळ्यात दोरा तयारच होता. त्या माझ्यावरून पुढं गेल्या आणि किल्ली कौसाच्या तळहातावर ठेवली. मला झोंबलं, खोटं कशाला बोलू. कौसानं किल्ली उलटी केली, सुलटी केली. मग माझ्याजवळ येऊन तिनं हळूच विचारलं, "सरू, ही कोन्या अंगाला फिरवत्यात गं?" त्यांच्या झोपडीला दार म्हणून पोत्याचा पडदा होता; तिनं आजवर कुलूप उघडलंच नव्हतं. मी तिचा हात हातात घेतला, किल्ली भोकात घातली आणि उजवीकडं फिरवून दाखवली. दुसऱ्या दिवशी मी शाळेत पोचले तेव्हा दोन्ही अलमाऱ्या सताड उघड्या होत्या, आणि कौसा दरीवर पालथी पडून, एकेका अक्षरावर बोट ठेवत, स्वतःच्या मनाचं पहिलं पुस्तक वाचत होती.